कॅमेऱ्याचा सारथी बसावा कुठे?

पावसाळ्यात लोणावळ्याच्या टायगर पॉइंटवर उभे राहून छायाचित्र काढू पाहणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. दरी धुक्याने भरलेली असते. मोबाइल समोर धरला की पडद्यावरील चित्र क्षणभर स्पष्ट होते, लगेच पुसट होते, पुन्हा स्पष्ट होऊ पाहते. धुके विरळ होऊन समोरचा डोंगर दिसू लागला, तर त्याच्या ओल्या हिरव्या रंगावर कधी कधी जांभळट छटा चढते. डोळ्यांना दिसते ते कॅमेऱ्याला का दिसत नाही, असा प्रश्न पडतो. पण दोष बहुधा भिंगाचा नसतो. भिंगातून आलेल्या प्रकाशाचे काय करायचे, हे ठरवणारी आज्ञावली गोंधळलेली असते.

तेथून जवळच, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, हेच काम अधिक गंभीर कारणासाठी चालते. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची ‘इंटेलिजंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टीम’ २०२४ पासून या मार्गावर कार्यान्वित आहे. वेगमर्यादा ओलांडणारी आणि मार्गिकेची शिस्त मोडणारी वाहने कॅमेरे टिपतात आणि वाहनमालकाच्या नावे ई-चलन निघते. पर्यटकाचे छायाचित्र बिघडले तर हळहळ वाटते. रस्त्यावरचे छायाचित्र बिघडले, तर निरपराध्याला दंड किंवा अपराध्याला मोकळीक, असा प्रसंग ओढवतो.

मोबाइल असो, लॅपटॉप असो वा रस्त्यावरचा कॅमेरा; त्याच्या यंत्रभागाशी बोलणाऱ्या आज्ञावलीला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. या सारथ्याने संगणकाच्या रथात नेमके कुठे बसावे? ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नल’मध्ये, की इतर सामान्य आज्ञावली जेथे चालतात त्या ‘युजरस्पेस’मध्ये? वरवर पाहता हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा वाटतो. परंतु लॅपटॉपचा कॅमेरा चालतो की नाही, फोनचे कुलूप परस्पर उघडता येते की नाही आणि कॅमेऱ्याने दिलेल्या चित्रावर विश्वास ठेवावा की नाही, या तिन्ही गोष्टी त्याच्या उत्तरात अडकलेल्या आहेत.

गाभा आणि बाहेरचे अंगण

आधुनिक प्रोसेसर आज्ञावलींमध्ये दोन पातळ्या मानतो. कर्नलला सर्वाधिकार असतात. संपूर्ण मेमरी, सर्व उपकरणे, सर्व आज्ञावलींची माहिती त्याच्या हाती असते. युजरस्पेसमधील आज्ञावलीला मात्र स्वतःपुरती मेमरी मिळते. तिच्याबाहेर हात घालण्याचा प्रयत्न झाला, तर प्रोसेसर तिला अडवतो आणि कर्नल ती आज्ञावली बंद करतो. इंटरनेट पाहण्याचा ब्राउझर कोसळला तरी बाकीचा संगणक चालू राहतो, तो यामुळेच. कर्नलमधील चूक मात्र अडवणारे कोणी नसते. तेथे एक ओळ चुकली तर सगळा संगणक बंद पडू शकतो.

हा फरक समजण्यासाठी मावळातलाच दाखला पुरेसा आहे. बोरघाटातील रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याचा चढ ३७ फुटांस एक फूट, म्हणजे रेल्वेच्या दृष्टीने फारच तीव्र. लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले, तर ती खालच्या स्थानकावर जाऊन आदळू नये म्हणून या घाटात कॅच सायडिंगची सोय केलेली आहे. सायडिंग म्हणजे मुख्य मार्गाला फुटलेला, चढावर जाऊन संपणारा रूळ. उतरणारी गाडी ताब्यात असल्याची खात्री पटल्यावरच तिला मुख्य मार्ग खुला होतो; ताबा सुटलेली गाडी बाजूच्या रुळावर जाऊन चढावर थांबते. गाडीत बिघाड होणारच नाही, असे येथे कोणी गृहीत धरलेले नाही. बिघाड झाला तरी त्याची झळ इतरांना लागू नये, ही त्यामागची दृष्टी आहे. युजरस्पेस ही संगणकाची कॅच सायडिंग होय.

मग सर्वच ड्रायव्हर तेथे का ठेवू नयेत? हा वाद जुना आहे. जानेवारी १९९२ मध्ये ‘मिनिक्स’ या प्रणालीचे जनक प्रा. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी लिनस टॉरवाल्ड्स यांच्या नव्याकोऱ्या लिनक्सवर टीका केली, ती याच मुद्द्यावरून. कर्नल शक्य तितके लहान असावे आणि बाकीची कामे बाहेर ठेवावीत, असे टॅनेनबॉम यांचे मत होते. सर्व काही एकाच मोठ्या कर्नलमध्ये ठेवणे हे मागे जाणे आहे, असे त्यांनी बजावले. टॉरवाल्ड्स यांनी व्यवहाराचा आणि वेगाचा मुद्दा पुढे केला. पुढील काळात लिनक्सचा प्रसार प्रचंड झाला आणि त्याचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच राहिले. कॅमेरा मात्र या चौकटीत कधी नीट बसला नाही. तो का बसला नाही, हे समजण्यासाठी एक चित्र कसे तयार होते ते पाहावे लागते.

एका फ्रेमचा प्रवास

कॅमेऱ्याचा सेन्सर रंगीत चित्र देत नाही. त्याच्यावरील प्रत्येक सूक्ष्म बिंदूसमोर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते. निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल आणि पाव निळे. प्रत्येक बिंदू फक्त आपल्या रंगाचा प्रकाश मोजतो. या कच्च्या आकड्यांतून उरलेले रंग अंदाजाने भरणे, भिंगामुळे कडांना आलेला काळसरपणा काढणे, कण-कण दिसणारा गोंगाट कमी करणे ही कामे ‘इमेज सिग्नल प्रोसेसर’ करतो.

त्याहून महत्त्वाचे काम निर्णयाचे. प्रकाश किती वेळ आत घ्यायचा, हे एक्स्पोजर ठरवते. पांढरे कशाला म्हणायचे, हे व्हाइट बॅलन्स ठरवतो. भिंग किती पुढे-मागे सरकवायचे, हे फोकस ठरवतो. हे तिन्ही निर्णय प्रत्येक फ्रेमची आकडेवारी पाहून पुढील फ्रेमसाठी घ्यावे लागतात. शिवाय आज दिलेली आज्ञा लगेच लागू होत नाही. सेन्सरला एक्स्पोजर बदलण्यास सांगितले, तर तो बदल बहुधा एक-दोन फ्रेमनंतर दिसतो. हा उशीर लक्षात घेतला नाही, तर चित्र सतत उजळत आणि काळवंडत राहते.

लोणावळ्याचे धुके या तिन्ही निर्णयांची परीक्षा घेते. धुके पांढरे आणि उजळ असल्याने एक्स्पोजर ठरवणाऱ्या सूत्राला प्रकाश भरपूर आहे असे वाटते. ते प्रकाश कमी करते आणि वाहनाची नंबरपाटी काळपटते. फोकस ठरवण्याची प्रचलित पद्धत कडांचा ठळकपणा शोधते. धुक्यात कडाच नसतात, म्हणून भिंग पुढे-मागे चाचपडत राहते. व्हाइट बॅलन्सची एक जुनी, सोपी पद्धत सगळ्या दृश्याची सरासरी राखाडी असावी असे मानते. श्रावणातला सह्याद्री मात्र नखशिखान्त हिरवा. त्या पद्धतीला तो हिरवेपणा दोष वाटतो आणि तो पुसण्यासाठी ती जांभळट रंग मिसळते. डोंगरावर चढणारी छटा अशा गैरसमजातून येते.

रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचे गणित आणखी काटेकोर आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे २७.८ मीटर अंतर कापते. सेकंदाला ३० फ्रेम घेतल्या, तर दोन फ्रेमच्या दरम्यान ती ९३ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. एक्स्पोजर सेकंदाचा शंभरावा भाग ठेवला, तर तेवढ्यात पाटी २८ सेंटिमीटर सरकते आणि आकडे फराटे होऊन जातात. हजारावा भाग ठेवला तर ती जेमतेम २.८ सेंटिमीटर सरकते, पण प्रकाश दहापट कमी मिळतो. धुके, पाऊस आणि रात्र यांत हा तोल साधणे ही केवळ यंत्राची बाब नव्हे. ते जाणतेपणाचे काम आहे.

येथे दोन वेगळ्या जातींची कामे दिसतात. सेन्सरला आज्ञा पोचवणे, आलेली माहिती मेमरीत उतरवणे, वीज चालू-बंद करणे ही हाताची कामे. चित्र चांगले की वाईट हे ठरवणे आणि पुढचे पाऊल योजणे ही डोक्याची कामे. कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरचा सगळा वाद या दोहोंना एकच नाव दिल्यामुळे चिघळला.

कर्नलची बाजू

हाताची कामे कर्नलमध्ये असावीत, याला भक्कम कारणे आहेत. सेन्सरकडून येणारी माहिती प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिली जाते. हा पत्ता चुकला, तर उपकरण दुसऱ्याच आज्ञावलीच्या मेमरीवर लिहून मोकळे होईल. म्हणून कुठे लिहायचे, हे ठरवण्याचा अधिकार सर्वांवर देखरेख करणाऱ्याकडेच हवा. वीजपुरवठा, तापमान, एकच तार वापरणारी दोन उपकरणे यांचा मेळही कर्नलच घालू शकतो. कॅमेरा कोणी वापरावा, या परवानगीचा पहिला दरवाजा तोच.

वेळेची नोंद हा आणखी एक मुद्दा. फ्रेम सुरू होताच उपकरण कर्नलला इशारा देते आणि त्याच क्षणी कर्नल तिच्यावर वेळेचा शिक्का मारतो. हा शिक्का युजरस्पेसमधील आज्ञावलीने आपल्या सवडीने मारला, तर संगणक इतर कामांत गुंतलेला असताना काही मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो. एकामागून एक आलेल्या दोन फ्रेमवरून वेग काढायचा, तर मधले अंतर अवघे ३३ मिलिसेकंद. त्यात १० मिलिसेकंदांची चूक झाली, तर ताशी १०० चा वेग ७७ किंवा १४३ भासू शकतो. म्हणूनच जगभर वेगमापनासाठी रडारचा किंवा दूरदूरच्या दोन ठिकाणांमधील सरासरी वेगाचा आधार घेतला जातो. कॅमेऱ्याच्या वेळेवर विसंबायचे असेल, तर ती नोंद उगमापाशी, म्हणजे कर्नलमध्येच झाली पाहिजे.

वेगासाठी सगळेच कर्नलमध्ये हवे, हा युक्तिवाद मात्र आता टिकत नाही. १९२० बाय १०८० बिंदूंचे, प्रत्येक बिंदूला दोन बाइट लागणारे चित्र सेकंदाला ३० वेळा घेतले, तर सुमारे १२.४ कोटी बाइटचा ओघ वाहतो. एवढी माहिती इकडून तिकडे नकलून न्यावी लागली असती, तर तो भार जाणवला असता. प्रत्यक्षात कर्नल आणि युजरस्पेस एकाच मेमरीकडे पाहू शकतात. नक्कल न करता फक्त ताबा बदलतो. सेकंदाला तीस वेळा ताबा बदलणे हे आजच्या प्रोसेसरच्या दृष्टीने क्षुल्लक आहे.

सोळा वर्षे लपलेली चूक

कर्नलमधील प्रत्येक ओळ जोखीम वाढवते, याचा ठसठशीत पुरावा कॅमेऱ्याच्याच ड्रायव्हरने दिला. यूएसबी वेबकॅमसाठी ‘यूव्हीसी’ नावाचे समान मानक आहे. ते पाळणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्याला एकच ड्रायव्हर पुरतो. लिनक्समध्ये हा ड्रायव्हर २००८ मध्ये, २.६.२६ या आवृत्तीत आला. लिनक्सवर वेबकॅम जोडताच चालू लागतो, ती याची कृपा.

याच ड्रायव्हरमध्ये एक बारीक चूक राहून गेली होती. जोडलेला कॅमेरा आपण कोणकोणत्या आकाराच्या फ्रेम देतो याची यादी कर्नलला देतो. किती जागा लागेल हे मोजताना ड्रायव्हर ‘अनिश्चित’ प्रकारच्या नोंदी धरत नसे, पण यादी वाचताना मात्र त्या वाचून लिहून ठेवत असे. परिणामी राखलेल्या जागेबाहेर, कर्नलच्याच मेमरीवर लिहिले जाण्याची वाट उघडी राहिली. ही चूक २०२४ च्या अखेरीस दुरुस्त झाली आणि गुगलने फेब्रुवारी २०२५ च्या अँड्रॉइड सुरक्षा पत्रकात तिचा गैरवापर होत असल्याची शक्यता नोंदवली. त्याच महिन्यात ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, सर्बियातील एका विद्यार्थी कार्यकर्त्याच्या अँड्रॉइड फोनचे कुलूप डिसेंबर २०२४ मध्ये ज्या त्रुटींच्या साखळीतून उघडले गेले, त्यांत ही एक होती.

यात विशेष असे, की फोनच्या कॅमेऱ्याने एकही छायाचित्र काढण्याची गरज नव्हती. यूएसबीच्या खाचेत स्वतःला कॅमेरा म्हणवणारे उपकरण जोडले, की बंद फोनचा कर्नल त्याची यादी वाचू लागतो. यादी वाचण्याचे हे काम युजरस्पेसमधील एखाद्या कुंपणबंद आज्ञावलीकडे असते, तर चूक होऊनही फार तर ती आज्ञावली कोसळली असती. सगळ्या फोनची किल्ली हाती लागली नसती.

हा धोका कॅमेऱ्यापुरता नाही. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा कंपनीच्या कर्नलमधील ड्रायव्हरला चुकीची माहिती-फाइल मिळाली आणि जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कर्नलच्या उतारावर सायडिंग नसते, हे त्या दिवशी सर्वांच्या लक्षात आले.

आणखी एक तांत्रिक अडचण आहे. रंग आणि प्रकाशाची सूत्रे अपूर्णांकांच्या गणितावर चालतात. लिनक्स कर्नलमध्ये असे गणित सहसा टाळले जाते, कारण त्यासाठी प्रोसेसरच्या खास कप्प्यांतील मजकूर वारंवार जपून ठेवावा लागतो. युजरस्पेसमध्ये ते मुक्तपणे करता येते. तेथे सूत्र बदलून पाहता येते, चुकले तर संगणक बंद न करता पुन्हा सुरू करता येते. धुक्यासाठी सूत्र सुधारायचे असेल, तर प्रयोगाची जागा हीच.

फिलिप्स कॅमेऱ्यांचा धडा

तरीही केवळ ‘बाहेर ठेवा’ म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. २००४ मधील एक प्रकरण येथे आठवते. फिलिप्सच्या चिपवर चालणाऱ्या वेबकॅमचा ‘पीडब्ल्यूसी’ हा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये होता. परंतु मोठ्या आकाराची चित्रे मिळवण्यासाठी लागणारा, चित्र उलगडणारा भाग कंपनीशी झालेल्या गोपनीयतेच्या करारामुळे बंद स्वरूपात वेगळा दिला जाई. तो कर्नलमध्येच अडकवता यावा, म्हणून ड्रायव्हरमध्ये एक आकडा ठेवलेला होता. उघड नसलेल्या आज्ञावलीसाठी कर्नलमध्ये असा आकडा असू नये आणि चित्र उलगडण्याचे काम तर युजरस्पेसचेच, या भूमिकेतून तो आकडा त्या वर्षी काढण्यात आला. दुखावलेल्या ड्रायव्हर-लेखकाने आपला सगळाच ड्रायव्हर काढून घेण्याची मागणी केली आणि तो काढलाही गेला. ज्यांच्या घरी ते कॅमेरे होते त्यांची पंचाईत झाली. पुढे ल्यूक सैलार्द या फ्रेंच प्रोग्रामरने बंद भागाचे काम उलगडून त्याची खुली आवृत्ती लिहिली आणि ड्रायव्हर परतला.

त्या वादातून एक संकेत पक्का झाला. चित्राचे रूपांतर कर्नलमध्ये करायचे नाही. कॅमेरा जे देतो ते जसेच्या तसे बाहेर पोचवायचे. २००८ मध्ये हान्स द खुडे यांनी ‘लिबव्ही४एल’ हा आज्ञावली-संग्रह तयार केला. वेगवेगळ्या वेबकॅमची चित्रविचित्र रूपे तो युजरस्पेसमध्ये उलगडून नेहमीच्या स्वरूपात आणत असे. त्यामुळे जुने, स्वस्त कॅमेरे व्हिडिओ-गप्पांच्या आज्ञावलींमध्ये पुन्हा चालू लागले. हाताचे काम आत, रूपांतर बाहेर, ही विभागणी तेव्हापासून रुळली.

चालेनासे झालेले डोळे

वेबकॅमच्या काळात ही विभागणी पुरेशी होती, कारण डोक्याचे काम कॅमेऱ्याच्या डबीतच असलेला छोटा प्रोसेसर करीत असे. मोबाइलमध्ये आणि पुढे लॅपटॉपमध्ये ही डबी गेली. पातळ झाकणात नुसता सेन्सर बसू लागला, तो कच्चे आकडे देऊ लागला आणि चित्र घडवण्याची जबाबदारी मुख्य चिपवर आली. निर्णयांची सूत्रे लिहिणारे आता चिप-उत्पादक होते आणि ती त्यांनी व्यापारी गुपित म्हणून जपली.

परिणाम २०२२ च्या सुमारास लॅपटॉप घेणाऱ्यांना भोगावा लागला. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरचे काही महागडे लॅपटॉप लिनक्सवर व्यवस्थित चालत, पण त्यांचा कॅमेरा चालत नसे. त्यासाठी लागणारा कर्नलचा भाग अधिकृत लिनक्समध्ये नव्हता आणि युजरस्पेसमधील भाग बंद स्वरूपाचा होता. करोनाच्या साथीनंतर बैठका, मुलाखती, वर्ग सगळेच पडद्यावर आले असताना लाखभर रुपयांच्या यंत्राला डोळा असून दृष्टी नव्हती. या यंत्रणेचा माहिती आत आणणारा भाग अखेर २०२४ मध्ये लिनक्सच्या ६.१० आवृत्तीत सामील झाला. चित्र घडवणाऱ्या बंद भागावर तोडगा म्हणून त्याच वर्षी मुख्य प्रोसेसरवरच चालणारा, खुला ‘सॉफ्टवेअर आयएसपी’ युजरस्पेसमध्ये उपलब्ध झाला. त्याने कॅमेरे चालू झाले. मात्र खास यंत्रभाग वापरता येत नसल्याने वीज अधिक लागते आणि चित्राचा दर्जाही बेताचाच राहतो.

हा तोडगा ज्या प्रकल्पात आला, तो ‘लिबकॅमेरा’ २०१८ मध्ये सुरू झाला. त्याची रचना या वादाचे आजवरचे सर्वांत समंजस उत्तर म्हणता येईल. कर्नलमधील ड्रायव्हर लहान आणि यांत्रिक राहतो. कोणती साखळी कशी जोडायची हे लिबकॅमेरा ठरवतो आणि एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस यांची सूत्रे त्याच्या वेगळ्या विभागात राहतात. उत्पादकाला आपली सूत्रे गुप्त ठेवायची असतील, तर त्यालाही मज्जाव नाही. पण अशी बंद सूत्रे स्वतंत्र, कुंपण घातलेल्या प्रक्रियेत चालवली जातात. ज्याची पारख करता येत नाही, त्याला मुख्य मार्ग आपोआप खुला होत नाही. घाटातल्या सायडिंगचे तत्त्व येथे पुन्हा भेटते.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाने नोव्हेंबर २०२१ मध्ये आपली कॅमेरा-व्यवस्था लिबकॅमेरावर आणली. तोवर कॅमेऱ्याचे निर्णय चिपच्या आतील बंद आज्ञावली घेत असे. आता प्रत्येक सेन्सरच्या मापनांची फाइल साध्या मजकुराच्या रूपात असते. ती उघडून वाचता येते आणि बदलता येते. तळेगाव किंवा लोणावळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला घाटातल्या धुक्यासाठी वेगळे मापन करून पाहायचे असेल, तर त्याला आज कोणाच्या परवानगीची गरज नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे शक्य नव्हते.

इतरांची वाटचाल

बंद प्रणालींची वाटही त्याच दिशेने गेली. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोज १० मध्ये कॅमेऱ्याची चित्रे वाटून देणारी ‘फ्रेम सर्व्हर’ ही युजरस्पेसमधील सेवा आणली. एक कॅमेरा अनेक आज्ञावलींना एकाच वेळी वापरता यावा, हा हेतू. घाई मात्र नडली. त्या वर्षीच्या ऑगस्टमधील अद्ययावत आवृत्तीने सुरुवातीला कॅमेऱ्याकडून येणारी संकुचित चित्रे थेट देणे बंद केले आणि अनेकांचे वेबकॅम व्हिडिओ-संभाषणात गोठू लागले. मायक्रोसॉफ्टला माघार घेऊन दुरुस्ती द्यावी लागली. काम बाहेर आणताना जुन्यांची वाट मोडू नये, हा त्यातील धडा.

अँड्रॉइडने २०१६ मध्ये कॅमेऱ्याची सेवा इतर माध्यमसेवांपासून तोडून स्वतंत्र प्रक्रियेत ठेवली आणि २०१७ च्या आठव्या आवृत्तीत उत्पादकाची कॅमेरा-आज्ञावलीही वेगळ्या कप्प्यात नेली. ॲपलने २०२२ मध्ये मॅक ओएसच्या १२.३ आवृत्तीत ‘कॅमेरा एक्स्टेन्शन’ची पद्धत आणली, त्यापूर्वी कॅमेऱ्याचे जोडभाग प्रत्येक आज्ञावलीच्या पोटातच शिरत असत, ते आता वेगळ्या, मर्यादित अधिकारांच्या प्रक्रियेत चालतात. परस्परांचे स्पर्धक असलेल्या तिघांनीही डोक्याचे काम कुंपणाआड बाहेर ठेवणेच पसंत केले, हे लक्षणीय आहे.

रेषा कोठे ओढावी?

तेव्हा ‘कर्नल की युजरस्पेस’ या प्रश्नाचे उत्तर ‘दोन्ही’ असेच येते; पण ते गुळमुळीत नाही. रेषा नेमकी सांगता येते. जे चुकले तर दुसऱ्याच्या मेमरीला धक्का लागेल, ज्याला क्षणाचाही विलंब चालणार नाही आणि ज्यावर परवानगीचा पहारा हवा, ते कर्नलमध्ये असावे. ज्यात मत आहे, अंदाज आहे, सूत्र आहे आणि जे वारंवार सुधारावे लागते, ते युजरस्पेसमध्ये असावे. बाहेरून आलेल्या, अनोळखी उपकरणाच्या याद्या वाचण्याचे काम शक्य तेवढे बाहेर न्यावे. आत ठेवावेच लागले तर ते इतके लहान ठेवावे, की कोणीही ते ओळ न ओळ तपासू शकेल.

या रेषेला आणखी एक बाजू आहे आणि ती तांत्रिक नाही. कर्नलमध्ये काय चालते ते लिनक्सच्या नियमांमुळे बहुतांशी उघड असते. युजरस्पेसमध्ये तशी सक्ती नाही. त्यामुळे ‘काम बाहेर न्या’ या सल्ल्याचा गैरफायदा घेऊन संपूर्ण शहाणपण बंद पेटीत ठेवण्याची पळवाट उत्पादकांना मिळते. लॅपटॉपच्या प्रकरणात नेमके हेच घडले. कुंपण अपघातापासून वाचवते. गुपितापासून वाचवत नाही. त्यासाठी आज्ञावली वाचता येणे, निदान तपासता येणे, आवश्यक ठरते.

भारतात याची जाणीव अलीकडे वाढली आहे. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेचे आवश्यक निकष अधिसूचित केले आणि ९ एप्रिल २०२५ पासून ते लागू झाले. त्यांत यंत्रभागाबरोबर आज्ञावलीच्या तपासणीचाही समावेश आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक आज्ञावलीने जगभरातील असंख्य इंटरनेट-कॅमेरे ताब्यात घेतले होते. तेथे दोष ड्रायव्हरचा नव्हता, कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदलण्याचा होता. परंतु कॅमेरा हा मुळात एक संगणक आहे आणि त्याच्या आत काय चालते हे मालकालाच ठाऊक नसते, ही गोष्ट त्याने जगापुढे आणली.

लोणावळा-खंडाळ्यातील बंगल्यांच्या फाटकांवर, कार्ला-कामशेतच्या दुकानांत, तळेगावच्या सोसायट्यांच्या जिन्यांत आज असे कॅमेरे बसलेले आहेत. ते घेताना लोक किती मेगापिक्सेल आणि रात्री किती दूरचे दिसते, हे विचारतात. या कॅमेऱ्याची आज्ञावली किती वर्षे अद्ययावत केली जाईल आणि ती कोणी तपासली आहे, हे दोन प्रश्नही दुकानदाराला विचारावयास हवेत. फोन आणि लॅपटॉपच्या बाबतीत सुरक्षा दुरुस्ती आली की ती लांबणीवर न टाकणे हा त्याच काळजीचा भाग होय; सोळा वर्षे लपलेली चूक दुरुस्त झाली, तरी दुरुस्ती न घेतलेल्या फोनमध्ये ती आजही तशीच असते.

द्रुतगती मार्गावरच्या कॅमेऱ्यांबाबत तर नागरिकाचा हक्क अधिकच स्पष्ट आहे. ई-चलनाबरोबर येणारे छायाचित्र हा पुरावा असतो. तो तीन गोष्टींवर उभा असतो: वेळेचा शिक्का, पाटीची स्पष्टता आणि चित्र घडवणाऱ्या सूत्रांचा प्रामाणिकपणा. पहिली बाब कर्नलची, उरलेल्या दोन युजरस्पेसच्या. वाद न्यायालयात गेला, तर यांपैकी प्रत्येक दुव्याची स्वतंत्र तपासणी करता आली पाहिजे, आणि ती कामे वेगवेगळ्या जागी, स्वच्छ सीमारेषेने मांडलेली असतील तरच ती करता येते. सगळे एकाच बंद गोळ्यात मिसळलेले असेल, तर धुक्यामुळे ‘३’ चा ‘८’ झाला की सूत्रामुळे, हे सांगणारा कोणीच उरणार नाही.